वेदनेस वाचा असावी

तालमींच्या या नगरींत मुका मार निमूटपणें सोसणारास आपण शूर म्हणतों. आखाड्यांत तो गुण शोभतो. परंतु कर्करोगांतून उठलेल्या मनुष्याकडूनही आपण तीच अपेक्षा करतों, हें मात्र योग्य नव्हे.

शाहूपुरींतील एखाद्या घरीं असा मनुष्य उपचार संपवून परत आला, म्हणजे आप्तेष्ट म्हणतात, "वांचलांत, आतां मागचें विसरा." हेतु चांगला असतो, तथापि रोग गेला म्हणजे दुखणें गेलेंच, असें नाहीं. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या कित्येकांचा जबडा आंखडतो; कांहीं औषधांमुळें हातापायांस महिनोन् महिने मुंग्या येत राहतात; स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक स्त्रियांचा हात सुजतो. त्यांत रोग उलटण्याचें भय असतेंच.

वेदना ही केवळ शरीराची गोष्ट नव्हे. १९७९ सालीं वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें तिची व्याख्या करतांना संवेदना व भावना या दोहोंचा उल्लेख केला. २००२ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्तनकर्करोगाचे उपचार आटोपलेल्या ६० स्त्रियांपैकीं ज्यांनीं चार बैठकींत आपल्या मनांतील खोल भावना लिहून काढल्या, त्यांच्या शारीरिक तक्रारी तीन महिन्यांनंतर केवळ घटना लिहिणाऱ्या स्त्रियांपेक्षां कमी आढळल्या. पुढील सर्वच प्रयोगांत असा लाभ दिसला नाहीं. आणि मन मोकळें केल्यानें कर्करोग बरा होतो, असें तर मुळींच नव्हे. वेदनेवर औषध हवेंच. पण जी वेदना सांगितलीच नाहीं, तिच्यावर डॉक्टर तरी कोणतें औषध देणार ?

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेव्हांपासून उपचार पुष्कळ सुधारले व बरे होऊन घरीं परतणारांची संख्या वाढली. ऐकून घेण्याची आपली रीत मात्र तेवढी सुधारली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, घरांतील आजी किंवा मावशी "दुखतें" म्हणाली, तर "कांहीं होत नाहीं" असें म्हणून तिला गप्प करूं नका. जवळ बसा. कोठें, केव्हां व किती दुखतें, तें विचारून वहींत टिपा आणि ती वही डॉक्टरांस दाखवा. तिला बोलावयाचें नसेल, तर आग्रहही नको. पालकहो, मुलांदेखत या रोगाचें नांव कुजबुजत घेऊं नका. कर्करोग स्पर्शानें जडत नाहीं. सोसणें हें धैर्य खरें. परंतु "मला दुखतें, मला भय वाटतें" असें सांगणें हेंही धैर्यच आहे, आणि तें शांतपणें ऐकून घेणें हें आपलें कर्तव्य आहे.