राजूर घाट चढवणारी मोटर

मोताळ्याहून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. "सर, जास्त वॅटची मोटर लावली की सायकल घाट आरामात चढंल ना?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. माझं मत विचाराल तर नुसत्या वॅटवर भिस्त ठेवू नका.

चाकात बसवलेली मोटर थेट चाक फिरवते. पायडलजवळची मोटर मात्र चेन ओढते, म्हणजे तिची ताकद गिअरमधून चाकाला मिळते. त्यामुळे चढ लागण्याआधीच चेन मागच्या मोठ्या दातेरी चक्रावर घ्यायची. जड गिअरमध्ये मोटर हळू फिरते, करंट जास्त खेचते अन् तापते. गिअर बदलताना पायडलवरचा जोर क्षणभर सोडायचा, नाहीतर कटकन आवाज येतो, दात झिजतात. हे कोणी शिकवतच नाही!

मोटर जितकी दणकट, तितकी चेन लवकर ताणते. नव्या चेनच्या 24 कड्या, पिनच्या मध्यापासून मोजल्या तर, बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच वाढ दिसली की चेन बदला, नाहीतर चक्रंही जातात. धूळ पुसून थेंब थेंब तेल द्या. प्रेशरच्या पाण्याने मोटर धुऊ नका.

आणि हो, 250 वॅटच्या आतली, ताशी 25 किलोमीटरच्या आतली असेल तरच नोंदणी-लायसन लागत नाही. हजार वॅटवाली घेऊन शाळेत येऊ नका.

उद्या पट्टी आणा, सायकल मी आणतो.