उपचार म्हणजे उपकार नव्हे



शस्त्रक्रिया आटोपली म्हणजे संकट टळले, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. पोट फाडून बाळंतपण झालेल्या स्त्रीला अतिरक्तस्रावाचे भय पहिल्या २४ तासांत सर्वांत अधिक असते. मध्यरात्री ती कण्हू लागते आणि उत्तर मिळते, "डॉक्टर सकाळी येतील." आपले कोणी ऐकत नाही, हे दुःख तिला वेदनेहूनही अधिक जाळते. तिचे नातलग मात्र हात जोडून दाराशी तिष्ठत राहतात.

ते जोडलेले हात आता सोडा. प्राण वाचविणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली बजावले. १९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. खाट नाही, सोय नाही, हीच उत्तरे त्याला मिळाली. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय १९९६ साली त्याच न्यायालयाने दिला व त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली.

म्हणून रक्तस्राव, धाप वा ग्लानी दिसताच कोणाला, किती वाजता सांगितले, हे लिहून ठेवा. डॉक्टरांना तत्काळ बोलावण्यास सांगा. तेथे सोय नसेल तर दुसऱ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी व गाडी मागा. विनवणी सहज झिडकारता येते; हक्क झिडकारणाऱ्यास मात्र जाब द्यावा लागतो.