राधेच्या पदराआड

तिठ्यावरून

चतुर्थीला आलेला चाकरमानी पुतण्या दरवर्षी मला वालावलीच्या लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी बसवून 'आजची' गाणी ऐकवतो. यंदाचं गाणं तसं शिळंच होतं. तेव्हा लेडी अँटेबेलम नाव असलेल्या नॅशव्हिलच्या तिघांच्या बँडचं २००९ चं 'नीड यू नाऊ', जात कंट्री. मामला साधा आहे. रात्र बरीच झालेली, नातं तुटलेलं, फोन करायचा नाही असं ठरवलेलं, आणि हात मात्र फोनकडेच. आधी बाई गाते, मग बाप्या गातो, आणि तो तर प्यायल्याचंही कबूल करतो. २०११ च्या ग्रॅमीत रेकॉर्ड ऑफ द इयर आणि साँग ऑफ द इयर दोन्ही याच गाण्याला मिळाली.

"काकानू, आपल्याकडे असली मंडळी नाय," पुतण्या म्हणाला.

नाय? सिंधुदुर्गात? पेटी, पखवाज, झांज, मागे कोरस, आणि समोर तेवढीच दुसरी फौज. भजनाच्या डबलबारीतल्या मंडळींना बँड म्हणायचं नाही तर कोणाला? प्रेमातलं बिनसलेलंही तिथे भरपूर असतं. अभंग आटोपून बुवा गवळणीत शिरले की राधेची वाट अडवली जाते, घागर फुटते, घरी सासू वाट बघत असते, आणि तो मथुरेला जातो तो जातोच. चाल बऱ्याचदा कुठल्यातरी सिनेमाची उचललेली. त्याचं कोणाला काही वाटत नाही, मलाही नाही.

मागे एका बारीत बुवांनी पेटीवरचा हात काढला, पखवाज थांबवला आणि नुसत्या गळ्यावर राधेचा रुसवा गायला घेतला. गाता गाता उपरण्याने नाक पुसलं. पुढे बसलेल्यांना कळलं की हे काही ठरवून केलेलं नाही. माझ्या शेजारची काकी पुटपुटली, "घराकडे एक शबूद बोलणा नाय, आणि हय बघ कसो रडता!"

काकीने नेमकं पकडलं. आमच्याकडे बाप्याला प्रेमात रडायचं असेल तर राधेचा पदर घ्यावा लागतो. यात कमीपणा नाही. आडोसा असला की माणूस जास्त खरं बोलतो, दशावतारातल्या कुठल्याही राणीला विचारा, लुगड्याच्या आत पुरुषच असतो. पण एक घोटाळा होतो. रडते ती राधा, मग चूक कृष्णाची; आणि ती देवाची खोडी म्हणून माफ. 'माझंच चुकलं' असं म्हणणारा गडी मी अजून गवळणीत ऐकलेला नाही. नॅशव्हिलचा तो प्यायलेला निदान स्वतःच्या आवाजात विव्हळतो.

देवाला मध्ये न घेता लिहिलेलं गाणं आमच्या वालावलीच्याही वाट्याला आलंय. व्ही. शांतारामांनी १९७७ च्या 'चानी' सिनेमाचं चित्रीकरण इथेच केलं. कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची. 'तो एक राजपुत्र' हे त्यातलं गाणंही त्यांचंच. चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा. कुडाळला खानावळ चालवलेले खानोलकर सिनेमा येण्याआधी, १९७६ मध्येच गेले होते. गावाने दूर लोटलेली पोर या गाण्यात स्वतःच्या तोंडाने बोलते, राधेची गरज पडत नाही. पण गंमत बघा, कविता लिहायला खानोलकरांनीही नाव घेतलं होतं ते आरतीचं. आरती प्रभू!

हे सगळं सांगून झाल्यावर पुतण्याला विचारलं, "बाकी तुझा काय बिनासला रे?"

त्याने फोन खिशात टाकला. "काकानू, बारी कधी आसा?"

— एक बारीवेडा