शब्दांचे कूळ आणि चांदूर रेल्वे

'वेबसाइट' हा शब्द परका तर आहेच, शिवाय तो मुळातच संकरज आहे. म्हणून मराठीने त्यास दाराबाहेर ठेवून 'संकेतस्थळ' असेच म्हणावे, असा उपदेश भाषाशुद्धीचे कैवारी करीत असतात. शब्द संकरज आहे हे खरे. पण म्हणून तो त्याज्य, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

'वेब' म्हणजे मुळात विणलेले कापड. शब्द जुन्या इंग्रजीतला. कोळ्याचे जाळे हा अर्थ त्यास मागाहून आला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेल्या योजनेस पुढल्या वर्षी 'वर्ल्ड वाइड वेब' हे नाव मिळाले आणि शब्द जगभर गेला. 'साइट' ही लॅटिन 'सिटुस'ची लेक. असा हा दोन कुळांचा विवाह होय.

पण कूळ पाहूनच शब्द टाकावयाचे, तर 'रेल्वे'चे काय करावे? 'रेल' लॅटिन 'रेगुला'पासून फ्रेंचमार्गे आला. 'वे' अस्सल इंग्रजी. आणि अमरावती जिल्ह्यात तर दोन चांदूर आहेत : चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. एकाचे उपपद इंग्रजी, दुसऱ्याचे फारशी. लोकांस दोन गावे निराळी ओळखावयाची होती, कोश चाळावयाचा नव्हता. 'लोहमार्ग' हा देखणा शब्द हाताशी असूनही 'चांदूर लोहमार्ग' कोणी म्हणत नाही. त्याने वऱ्हाडी बोली बाटली काय?

परके शब्द घेत गेल्यास भाषेची घडणशक्ती मंदावते, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सावरकरांचे 'दिनांक' व 'महापौर' रुजले, कारण ऐकताच त्यांचा अर्थ उकलतो. 'संकेतस्थळ' ऐकून काय उकलते? संस्कृत काव्यात अभिसारिका प्रियकरास भेटावयास जाते ते संकेतस्थान. आणि आपल्या घरांत 'स्थळ' म्हटले की उपवर मुलीचा बाप कान टवकारतो! सातबारा काढावयास निघालेला शेतकरी शासकीय पत्रकात 'संकेतस्थळ' वाचतो आणि शेजाऱ्यास 'वेबसाइट' कोणती म्हणून विचारतो. पत्रकाची भाषा एक व बोलण्याची दुसरी, या दुहीचा भुर्दंड बसतो तो त्यासच.

याहून सुबोध शब्द कोणी घडविल्यास आम्ही तो आनंदाने वापरू. कापसाच्या या मुलखात विणीच्या आणि जाळ्याच्या शब्दांस तोटा नाही. तोवर पत्रक काढणाऱ्यांनी 'वेबसाइट' असेच छापावे.