शिकवा, पैसे द्या, कामावर ठेवा

अकरा महिने भरले, आता घरी जा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलामुलींना राज्य सरकारचे हेच उत्तर आहे. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मोठ्या गाजावाजाने सुरू झालेली योजना आधी सहा महिन्यांची होती, ओरड झाल्यावर २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांची झाली. बारावी झालेल्याला दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. कायम नोकरीचा हक्क मिळणार नाही हे आधीच सांगितले होते, असे सरकार म्हणते. ते खरे आहे. पण मग या मुलांना नेमके कोणते काम शिकवले? बहुतेकांच्या वाट्याला आवक-जावक नोंदी, झेरॉक्स आणि साहेबांची टपाले आली. त्यातून हाताला कोणताही हुन्नर लागत नाही. सरकारी पैसा खर्च झाला, तरुणांचे वर्ष गेले आणि गावाची गरज होती तिथेच राहिली.

गावाची गरज म्हणजे काय हे पाहायचे असेल तर मलकापूरला या. शाहूवाडी तालुक्यातील ही नगरपरिषद राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी एक. वस्ती जेमतेम पाच-सहा हजारांची, पण बाजारपेठ साऱ्या तालुक्याची. कोल्हापूर इथून सुमारे ४५ किलोमीटर. रात्री आगीची वर्दी गेली आणि पाण्याने भरलेला बंब कोल्हापूरहून त्याच क्षणी निघाला, तरी वाघबीळ, बांबवडे ओलांडून येईपर्यंत तास जातो. शहरात पाच ते सात आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोहोचावा, असा देशपातळीवरचा दंडक आहे. तासाभरानंतर विझवायला उरते ती राख.

इथल्या आगी सर्वांना ठाऊक आहेत. गळिताच्या हंगामात विजेच्या तारा घासून पेटणारा ऊस, उन्हाळ्यात आंबा घाट परिसरातल्या डोंगरांवर भडकणारे वणवे, पुढच्या वर्षी गवत चांगले येईल म्हणून मुद्दाम पेटवलेली आणि मग हाताबाहेर गेलेली कुरणे, गोठ्याशेजारच्या गवताच्या गंज्या. त्यात कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावरून घाट चढणारे टँकर. यांतल्या एकेका आगीशी लढण्याची रीत वेगळी. उसाला पुढून पट्टा तोडावा लागतो, टँकरजवळ वाऱ्याची दिशा आधी पाहावी लागते. हे काम महिनोन्‌महिने सराव करून, जुन्या फायरमनच्या हाताखालीच शिकता येते.

आणि इथेच महाराष्ट्राची व्यवस्था उलटी आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या महापालिकांत फायरमनच्या पदासाठी अर्ज करायचा तर सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आधीच केलेला असावा लागतो. म्हणजे आधी फी भरा, सहा महिने बिनपगारी घालवा, शहरात खोली घेऊन राहा, आणि मग भरती निघण्याची वाट पाहा. भरती कधी निघेल याचा भरवसा नाही, वय मात्र थांबत नाही. शाहूवाडीच्या डोंगराळ वाडीतल्या, दोन एकरांवर घर चालणाऱ्या पोराने हा खर्च कुठून करायचा? धावण्यात, चढण्यात, ओझे उचलण्यात तो शहरातल्या कुणालाही मागे टाकेल. त्याला अडवतो तो फीचा आकडा. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये ९१० फायरमनची भरती बारावी झालेल्यांतून केली. आधी निवड, मग प्रशिक्षण. त्या भरतीत दहिसरच्या मैदानावर उंचीच्या मोजमापावरून आक्षेप घेणाऱ्या मुलींना पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या, हा कलंक वेगळा आणि तो विसरण्याजोगा नाही. पण क्रम तरी तिथे बरोबर होता. मुंबईला जे जमते ते नगरपरिषदांसाठी राज्याने का जमवू नये?

जर्मनीत कारखान्यातील अग्निशामक ही २००९ पासून तीन वर्षांची मान्यताप्राप्त शिकाऊ उमेदवारी आहे. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते आणि तो लाकूडकाम, धातुकाम, विजेचे काम यांचे पायाभूत शिक्षण घेत आगीपर्यंत पोहोचतो. इंग्लंडमध्येही शिकाऊ फायरमन पहिल्या दिवसापासून दलाच्या पगारपत्रकावर असतो. आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे त्याचे नियम सांगतात. साखर कारखान्यांकडे बंब आहेत, औद्योगिक वसाहतींची स्वतःची अग्निशमन केंद्रे आहेत. लहान नगरपरिषदेची मुले तिथे पाळ्यांवर का शिकू शकत नाहीत?

पैसा नाही, हे उत्तर आता चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५ हजार कोटी रुपये ठेवले. ७४व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे नगरपालिकांचे काम म्हणून बाराव्या परिशिष्टात घातले, त्यालाही तीन दशके उलटली. पण अशा निधीतून गाडी आली की नारळ फुटतो, फोटो निघतो. ती चालवणारा चालक ठेकेदाराचा, होज धरणारा रोजंदारीवरचा, हे चित्र राज्यभर अनेक नगरपरिषदांत आहे. गाडी विकत मिळते, माणूस घडवावा लागतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ चे केशवराव भोसले नाट्यगृह कोल्हापूरच्या मध्यवस्तीत जळाले. अग्निशमन दल त्याच शहरात होते, तरी ही गत. काळबादेवीत ९ मे २०१५ ला गोकुळ निवास कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे चार अनुभवी अधिकारी गेले. १९४४ च्या गोदी स्फोटात ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ दर १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा सप्ताह सुरू करतो आणि भाषणे ऐकतो. ज्या कामात मुरलेली माणसे जिवाला मुकतात, तिथे न शिकलेल्या, विमा नसलेल्या रोजंदारीच्या मुलाला ढकलणे हा गुन्हा आहे आणि त्याला तोच शब्द वापरला पाहिजे.

म्हणून सरकारने युवा प्रशिक्षणाच्या पैशातला वाटा आगीच्या कामाकडे वळवावा. प्रत्येक लहान नगरपरिषदेत स्थानिक मुलामुलींची निवड करावी, दीड वर्ष शिकवावे, घर चालेल इतके विद्यावेतन आणि पहिल्या दिवसापासून विमा द्यावा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सरकारी खर्चाने त्यातच पूर्ण करून घ्यावा. त्यानंतर मंजूर पदावर नेमणूक व्हावी, मुदतवाढीची भीक नको. या पदांचा आकृतिबंध मुंबईत मंत्रालयात ठरतो, मलकापूरच्या मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर नाही. नगरविकास खात्याने तो पुढच्या गळीत हंगामाच्या आत मंजूर करावा.