कापसाची पट्टी आणि गुंतवणुकीचे यंत्र

परभणी जिल्ह्यातील बचत आजवर सोने, प्लॉट, पतसंस्थेची ठेव, विमा पॉलिसी आणि भिशी या वाटांनी जात आली असली, तरी शिक्षकांच्या, विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या आणि पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलांच्या मोबाईलमधून म्युच्युअल फंडही आता घराघरांत शिरला आहे. आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला आहे, तो असा की पैशांची विभागणी संगणकाच्या हाती सोपवावी, की दोन साधे फंड घेऊन ती घरच्या घरी सांभाळावी.

संगणकाच्या हाती सोपवण्याच्या पद्धतीला रोबो अ‍ॅडव्हायझर म्हणतात. वय, उत्पन्न, उद्दिष्ट आणि तोटा सोसण्याची तयारी यांविषयीची प्रश्नावली भरून घेऊन ही प्रणाली शेअर, रोखे व सोने यांचे प्रमाण सुचवते. अमेरिकेत 2010 साली ग्राहकांसाठी खुली झालेली बेटरमेंट ही कंपनी या पद्धतीच्या आद्य उदाहरणांपैकी एक होय. दुसऱ्या बाजूचा इंडेक्स फंड याहून जुना आहे. निफ्टीसारख्या निर्देशांकात ज्या 50 कंपन्या ज्या प्रमाणात असतील, त्या त्याच प्रमाणात विकत घेणे एवढेच त्याचे काम असते, कंपन्या निवडणारा पगारी तज्ज्ञ त्यास लागत नाही, आणि म्हणून त्याचा खर्च कमी राहतो. जॉन बोगल यांनी 1976 साली असा फंड सामान्य गुंतवणूकदारांसाठी अमेरिकेत उघडला, तर भारतात निफ्टीच 1996 मध्ये सुरू झाला. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनाही ऑगस्ट 2015 पासून आपल्या निधीचा काही भाग निर्देशांकाधारित फंडांतच गुंतवते; म्हणजे ज्याच्या पगारातून पीएफ कापला जातो, असा कामगार नकळत इंडेक्सचा गुंतवणूकदार झालेलाच आहे.

दोन्ही मार्गांत अखेर बहुधा तेच शेअर हाती येत असल्यामुळे तुलना प्रथम खर्चाची करावी लागते. 10 लाख रुपये वर्षाला 10 टक्के दराने वाढतील असे केवळ हिशेबापुरते धरले, तर 20 वर्षांत त्यांचे सुमारे 67 लाख 27 हजार होतात. त्यातून दरवर्षी अर्धा टक्का जादा शुल्क गेले तर सुमारे 61 लाख 42 हजार उरतात, आणि एक टक्का गेला तर 56 लाख 4 हजार. जे अ‍ॅप ग्राहकाकडून थेट शुल्क घेत नाही, त्याने सुचवलेला फंड ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ हे म्हणूनच आधी पाहिले पाहिजे, कारण रेग्युलर योजनेत वितरकाचे कमिशन फंडाच्या खर्चातूनच जाते, तर 1 जानेवारी 2013 पासून उपलब्ध असलेल्या डायरेक्ट योजनेत ते नसते.

खर्चापेक्षाही महत्त्वाची, पण क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट कायद्याची आहे. परदेशी रोबोचा खरा गुण असा, की शेअर आणि रोखे यांचे ठरलेले प्रमाण बिघडले की तो आपणहून खरेदी-विक्री करून ते पूर्ववत करतो. भारतात सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार केवळ सल्ला देऊ शकतो, व्यवहाराला ग्राहकाची संमती लागते. ग्राहकाच्या वतीने स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार पोर्टफोलिओ व्यवस्थापकाला असतो आणि त्याच्याकडे किमान 50 लाख रुपये गुंतवावे लागतात. त्यामुळे सामान्य कुटुंबाला मिळते ती सूचना. शेवटचे बटण घरच्यांनीच दाबायचे असते. मार्च 2020 मध्ये, जानेवारीत 12,300 च्या वर असलेला निफ्टी 23 तारखेला 7,610 वर बंद झाला, तेव्हा यंत्राची सूचना धीराचीच असली तरी ‘विका’ हे बटण दाबणारे बोट माणसाचेच होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निर्देशांक जुन्या पातळीवर आला, पण खाली विकून बाहेर पडलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही.

शेतकरी कुटुंबाची अडचण आणखी वेगळी आहे. प्रश्नावली मासिक उत्पन्न विचारते. परंतु सेलू, मानवत किंवा पाथरीच्या शिवारात पैसा महिन्याला येत नाही, तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर येतो. रान जिरायत आहे की जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे, आणि सावकाराचे देणे शिल्लक आहे काय, यांवर त्या घराची जोखीम सोसण्याची ताकद ठरते, आणि प्रश्नावलीत यांना सहसा जागाच नसते. ज्याचे मुख्य उत्पन्नच पावसाच्या भरवशावर आहे, त्याने ‘दीर्घ मुदत’ या एका शब्दावर विसंबून शेअरचे प्रमाण फार वाढवू नये. आणि सावकाराचे व्याज चालू असेल तर ते फेडण्याइतकी खात्रीची गुंतवणूक दुसरी नाही.

अशा घराला दोन खात्यांची साधी रचना अधिक मानवते: एक निफ्टीचा डायरेक्ट इंडेक्स फंड आणि दुसरी बँकेची मुदत ठेव. समजा, एकूण 6 लाखांपैकी 4 लाख 20 हजार फंडात आणि 1 लाख 80 हजार ठेवीत आहेत, म्हणजे प्रमाण 70 आणि 30 आहे. वर्षभरात फंड 20 टक्क्यांनी उतरून 3 लाख 36 हजारांवर आला आणि ठेव 7 टक्के व्याजाने 1 लाख 92 हजार 600 झाली, तर फंडाचा वाटा साडेत्रेसष्ट टक्क्यांच्या आसपास राहतो. त्या हंगामात आडतीच्या पट्टीतून घरखर्च, बियाणे व देणी भागवून 1 लाख रुपये शिल्लक राहिले, तर ते सर्व फंडात घातल्याने वाटा पुन्हा 69 टक्क्यांवर जातो. काही विकावे लागत नाही आणि कराचाही प्रश्न येत नाही. विकावेच लागले, तर वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअर फंडाच्या नफ्यावर वार्षिक सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के कर आहे, ही गोष्ट वारंवार अदलाबदल सुचवणाऱ्या यंत्राचा हिशेब करताना विसरता येत नाही. हे प्रमाण पाहण्यास गुढीपाडवा सोयीचा, कारण सालगड्याचा करार त्याच सुमारास होतो आणि खरिपाच्या मालाची रक्कम तोवर बहुधा हाती आलेली असते.

ठेव मात्र बँकेतच असावी. ठेव विमा महामंडळाचे प्रति ठेवीदार, प्रति बँक 5 लाखांपर्यंतचे संरक्षण सहकारी बँकांनाही लागू आहे, पतसंस्थेला मात्र ते नाही, आणि टक्का-दीड टक्का जादा व्याजासाठी हा फरक डोळ्यांआड करणे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना फार महागात पडले आहे.

ज्यांना वर्षातून एकदाही हे पाहणे जमणार नाही, त्यांच्यासाठी खरोखर आपोआप चालणारी व्यवस्था राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहे. तिच्या ‘ऑटो चॉइस’मधील मध्यम पर्यायात वयाच्या 35 व्या वर्षापर्यंत निम्मी रक्कम शेअरमध्ये राहते, पुढे दरवर्षी 2 टक्क्यांनी हा वाटा घटत 55 व्या वर्षी 10 टक्क्यांवर येतो, या फेरबदलावर त्या वेळी कर लागत नाही, आणि खर्चही अल्प असतो. पैसा दीर्घकाळ अडकतो आणि निवृत्तीच्या वेळी ठरावीक हिस्सा पेन्शनसाठीच वापरावा लागतो, ही तिची मर्यादा आहे. म्हणून मुलीचे शिक्षण किंवा विहिरीचे काम यांसाठी लागणारी रक्कम तेथे ठेवता येत नाही, ती फंडात व ठेवीतच राहिली पाहिजे, आणि दोन्ही खात्यांवर वारसाचे नाव लावलेले असले पाहिजे.