रिकाम्या खिळ्यावर काय टांगायचे?

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस लागले की आमच्या घरी पोताई निघते. दिवाळीआधी शेजारच्या घरात जे चालते, तेच ईदआधी आमच्याकडे. रोजा धरून कपाटे सरकवायची, जाळी काढायची, भिंतीवरच्या फ्रेमा उतरवून दिवाणावर रचायच्या. रंगारी गेला की भिंती कोऱ्या दिसतात आणि त्यांच्यावर उरतात ते जुने खिळे. मग दरवर्षीचा प्रश्न येतो : यातले परत काय लावायचे?

यंदा हा प्रश्न सोपा नव्हता. गेल्या वर्षी अब्बा गेले. त्यांच्याशिवायची ही पहिली ईद. लेकीचे म्हणणे, बैठकीत दादांचा मोठा फोटो हवाच. माझी मोठी बहीण, आपा म्हणाली, “या खोलीत आपण नमाज पढतो, इथे फोटो नको.” बायकोने मोबाइलवर एक तयार सेट दाखवला. धबधब्याचे एकच चित्र, पाच पट्ट्यांत कापलेले. स्वस्त होता आणि दिवाणाच्या रंगाशी जुळतही होता.

इतर धर्मीय वाचकांसाठी सांगतो. जिथे नमाज पढायची तिथे माणसाचे किंवा प्राण्याचे चित्र नको, असे अनेक मुस्लिम कुटुंबे मानतात. म्हणून आमच्या भिंतींवर अक्षरे आली, वेलबुट्टी आली, मक्का-मदिनेची चित्रे आली. सुंदर अक्षरांच्या अशा चौकटीला आम्ही तुगरा म्हणतो. आमच्या भिंती चित्रांवाचून ओक्याबोक्या असतात, हा समज खरा नाही.

भिंतीवर चित्र लावणे ही एकेकाळी राजवाड्यांची चैन होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून देवादिकांची रंगीत चित्रे छापून निघाली आणि साध्या घरांत पोचली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. स्वस्त चित्राची ताकद ही अशी असते.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण त्याहून मोठे आहे. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. आज जिल्ह्यातल्या वस्त्यांमधून फिरा, घराघरांत बाबासाहेब आणि बुद्ध दिसतील. कुठे मोठी फ्रेम, कुठे कॅलेंडरचे कापून चिकटवलेले पान. मतपेटीतून जे झाले नाही ते लोकांनी भिंतीवर केले. भिंतीवर कोण असावे, हे त्या घराचे स्वतःचे मत असते.

आमच्या घरातले सर्वांत स्वस्त चित्र फुकटच मिळते. ते म्हणजे सहरी-इफ्तारचे वेळापत्रक. वर मशिदीचे चित्र, मधे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या वेळा, खाली दुकानदारांच्या शुभेच्छा. त्यांत हिंदू व्यापाऱ्यांची नावेही असतात. हे वेळापत्रक आम्ही ‘कालनिर्णय’च्या शेजारी टांगतो. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेत एकादशी, नाताळ आणि रमजान एकाच पानावर नांदतात. सजावट म्हणून कुणी ती आणत नाही, पण दिवसातून सर्वांत जास्त वेळा आपण तिच्याकडेच पाहतो.

माझ्या लहानपणी दुपारी अम्मी आणि शेजारच्या काकू ओसरीवर बसून काचेवर चित्रे काढत. काळ्या रंगाने बाह्यरेषा, मग पारदर्शक रंग आणि मागे चुरगळून सपाट केलेली चॉकलेटची चांदी. आम्हा पोरांना चॉकलेट खाण्याआधी ताकीद असे, “चांदी फाडू नका.” काकूंनी गणपती केला, अम्मीने मदिनेचा हिरवा घुमट केला. रंगाच्या बाटल्या एकच, चांदीचा डबा एकच. दोन्ही घरांत ती चित्रे अनेक वर्षे लटकत होती. पाहुणा आला की पहिला प्रश्न, “हे कुणी केले?” आणि तिथून गप्पा सुरू.

माझी तक्रार आहे ती इथे. आता ज्या घरी जावे तिथे तोच धबधबा, तेच सात घोडे, तोच प्लास्टिकचा सोनेरी तुगरा. वस्तू वाईट नाहीत, स्वस्तही आहेत. पण “हे कुणी केले?” असे कुणी विचारत नाही, कारण उत्तर नसते. दुसरीकडे काही चित्रे आता इतकी मोठी आणि झगझगीत लावली जातात की ती घरच्यांपेक्षा शेजाऱ्यांना काही बजावण्यासाठी असावीत असे वाटते. हे सर्वच धर्मांच्या घरांत दिसते, आमच्याही. भिंतीचा फलक झाला की येणारा माणूस दारातच थबकतो.

म्हणून मला वाटते, बाजारात जाण्याआधी पेटी उघडावी. आजीच्या भरतकामाचा रुमाल, पोराने तिसरीत काढलेले चित्र, कोसाच्या जुन्या साडीचा काठ, एखादे जुने पत्र. साधी फ्रेम कोणत्याही गावात मिळते. जुनी फ्रेम नेऊन फक्त काच बदलली तर आणखी स्वस्त पडते. मूळ कागद जपून ठेवावा आणि रंगीत झेरॉक्स फ्रेममध्ये घालावी. रोज ऊन पडते त्या भिंतीवर शाईची अक्षरे लावू नयेत, उडतात. वैनगंगेकाठी पावसाळ्यात भिंती ओलावतात. तेव्हा फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवावेत, हवा खेळती राहते. बैठकीत माणसे बसलेली असतात, त्यामुळे फ्रेम फार वर टांगू नये. आणि एक-दोन खिळे रिकामे राहिले तरी बिघडत नाही.

आमचा पेच पेटीनेच सोडवला. अब्बांचे कल्हईचे दुकान होते. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. पितळ आले की कल्हई आलीच, कथील आणि नवसागर आलाच. पेटीत त्यांची हिशेबाची वही सापडली. अब्बा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. पानाच्या वर ७८६ आणि खाली मराठीत हिशेब : मास्तर, २ गंज, १ परात. काकू, लग्नाची भांडी, ८ रुपये बाकी. काही ओळींपुढे आणखी दोन शब्द : “बाकी सोडली.”

ते पान आपाने वाचले, मग लेकीने वाचले. कुणी काही बोलले नाही. कुणाची उधारी चव्हाट्यावर येऊ नये म्हणून ज्यात कुणाचे पूर्ण नाव नाही असे पान निवडले. ते आता बैठकीतल्या मधल्या खिळ्यावर आहे. लेकीला दादा मिळाले, आपाची नमाजही निर्धास्त झाली. अब्बांचा फोटो लेकीच्या टेबलावर आहे. मोबाइलवरचा धबधबा मागवला नाही. बायको म्हणते, बघू पुढच्या वर्षी.

मंडलाचे सय्यद हैदर रझा मोठे चित्रकार झाले. नागपुरात शिकले, फ्रान्समध्ये राहिले. लहानपणी त्यांचे मन थाऱ्यावर नसे, तेव्हा गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, याच्याकडे पाहा. तोच ठिपका पुढे बिंदू होऊन त्यांच्या चित्रांत आयुष्यभर राहिला. गुरुजींना त्या ठिपक्यासाठी एक पैसाही पडला नव्हता.

ईदला शेजारीपाजारी शीरखुर्म्याला येतील. वाटी हातात घेऊन कुणीतरी मान वर करेल आणि विचारेल, “हे काय लावले आहे?” यंदा माझ्याकडे सांगायला उत्तर आहे. तुम्हीही या.